जलतरणपटूंचे कृष्णधवल फोटो : या चुका टाळा

बंदिस्त तलावात काढलेल्या फोटोंचे रंग बरेचदा बिघडतात. दिव्यांची हिरवट झाक येते, पाण्याचा निळा उजेड चेहऱ्यावर पडतो. मग घरी आल्यावर वैतागून फोटो कृष्णधवल करून टाकला जातो. मुख्य चूक हीच. रंगीत फोटोत निळ्या पाण्यावर गव्हाळ खांदा सहज उठून दिसतो. रंग काढल्यावर दोघांची उजळता सारखी निघाली तर खांदा पाण्यात विरघळून जातो. पाणी, त्वचा आणि टोपी यांच्यातला उजेडाचा फरक तलावाच्या काठावर असतानाच बघायचा असतो. त्यासाठी कॅमेऱ्यात मोनोक्रोम (कृष्णधवल) मोड लावा, पण फोटो रॉ फाइलमध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्येच काढा. पडद्यावर कृष्णधवल दिसते आणि रंगांची माहितीही शाबूत राहते. मोनोक्रोम जेपेगमध्ये ती कायमची जाते.

पाण्याची छटा तुम्ही कुठे बसता यावर ठरते, आणि याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. उंचावरून, गॅलरीतून पाहिले तर तळाच्या फिकट फरशा आणि त्यावरची काळी रेघ दिसते. पाणी करडे येते. गुडघ्यावर बसून लेन्स पाण्याच्या जवळ आणली की समोरच्या भिंतीचे प्रतिबिंब दिसू लागते. समोर खिडक्या असतील तर पाणी पांढरे, अंधारी भिंत असेल तर जवळजवळ काळे. त्यामुळे शर्यत सुरू होण्याआधी परवानगी असेल तेवढ्या जागेत फिरून चारही बाजूंनी एकेक फोटो काढून पाहा. जागा बदलून मिळालेला काळेपणा सॉफ्टवेअरमधून आणलेल्या काळेपणापेक्षा कितीतरी स्वच्छ असतो.

सॉफ्टवेअरमध्ये निळा आणि अ‍ॅक्वा स्लायडर (कृष्णधवलात त्या रंगाची उजळता बदलणारी पट्टी) खाली, नारिंगी थोडा वर, ही नेहमीची वाट. निळा अगदी तळाला नेला तर पाण्यात खरखरीत नॉइज (ठिपक्यांचा कचरा) उठतो आणि दंडाच्या कडेला पांढरी रेघ येते. तशी रेघ दिसली तर निम्म्यावर परत या. पोहणाऱ्याची त्वचा गडद सावळी असेल तर हाच उपाय उलटतो, काळ्या पाण्यात शरीर हरवते. तिथे पाणी उजळच ठेवा आणि शरीराला गडद राहू द्या. ओल्या खांद्यावरची चमक जास्त बोलते. फिल्मवर लाल फिल्टर पाणी गडद करतो, पण सुमारे ३ स्टॉप उजेड खातो, म्हणजे उजेड आठव्या हिश्श्यावर येतो. बंदिस्त तलावात तो परवडत नाही.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, ऑटोवर सोडू नका. पाण्याचा फवारा उडाला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फोटो काळा करतो, फवारा बसला की पुन्हा उजळतो. सलग दहा फोटोंत दहा छटा येतात. मॅन्युअलवर शटर १/१००० सेकंद, लेन्सचे छिद्र एफ २.८ आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० यापासून सुरुवात करा. बटरफ्लाय प्रकारात उडणारे थेंब गोठवायचे असतील तर १/१६०० हवे. आयएसओ कमी दिसावा म्हणून मुद्दाम काळा फोटो काढून नंतर उजळवणे चुकीचे आहे, कारण सावल्यांत पट्टे उमटतात. चार-दोन थेंब पूर्ण पांढरे झाले तर हरकत नाही. कपाळावरचा पाण्याचा अख्खा पडदा पांढराफटक झाला तर मात्र आयएसओ खाली आणा.

फोकस फवाऱ्यावर किंवा लेनच्या दोरीवर जाऊन बसतो. एकच पॉइंट टोपीवर ठेवा, सतत फोकस लावा आणि मध्ये पाणी आले तरी लगेच न हलणारी सेटिंग निवडा. सूर मारल्यावर पोहणारा पाण्याखाली असताना फोकसचे बटण सोडून द्या. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये १५ मीटरपर्यंत डोके वर यावेच लागते आणि दोरीवर तिथे वेगळ्या रंगाची खूण असते. त्या खुणेच्या जरा अलीकडे फोकस धरून थांबा.

बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोक लेनच्या टोकावरून, समोरून घ्या. फ्रीस्टाइल बाजूने घ्या, पण पोहणारा कोणत्या बाजूला श्वास घेतो ते सरावाच्या वेळीच पाहून ठेवा. चुकीच्या बाजूला बसलात तर शर्यतभर फक्त टोपी मिळते. बटरफ्लायमध्ये अनेक जण एक स्ट्रोक सोडून श्वास घेतात. डोके दिसल्यावर बटण दाबले तर उशीर झालेला असतो, म्हणून लय मोजून आधीच दाबा. बॅकस्ट्रोकमध्ये हात चेहऱ्यावरून जाताना सावली पडते. हात सरळ उभा असतानाचा क्षण धरा.

फोटोंत आडवे पट्टे किंवा मागेपुढे उजेडाची चढउतार दिसली तर ती दिव्यांची लुकलुक आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा होते. कृष्णधवल केल्याने रंगाचा फरक लपतो, उजेडाचा नाही. कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळणारी) सेटिंग चालू करा आणि इलेक्ट्रॉनिकऐवजी मेकॅनिकल शटर वापरा. फ्लॅश मात्र बंदच हवा, विशेषतः सुरुवातीच्या इशाऱ्याच्या वेळी.

लेन्सवर वाफ धरली तर पुसत बसू नका, ती पुन्हा धरते. थंड जागेतून आल्यावर कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास तलावाजवळ ठेवा आणि त्या दमट हवेत लेन्स बदलू नका.