पांढरा ठिपका कुठे द्यायचा? चकाकी, काच आणि मेण कागदावर उतरवताना

मी पोटापाण्यासाठी वस्तूंची चित्रं काढते. किटल्या, दिवे, बाटल्या, पेट्या. सुरुवातीच्या दिवसांतली एक चिनी मातीची किटली अजून डोळ्यांसमोर आहे. निळी, गोलमटोल, आखूड तोटीची. रंग जमला होता, छायाप्रकाशही बरा होता, पण झिलई काही केल्या दिसेना. शेवटी पांढरा पोस्टर कलर घेतला आणि जिथे जिथे रिकामं वाटलं तिथे एकेक ठिपका देत गेले. एकूण अकरा. ज्यांचं काम होतं त्यांनी चित्र हात लांब करून धरलं आणि विचारलं, “हिच्यावर चुना उडालाय का?”

राग आला. पण चुनाच दिसत होता, हे मलाही कळत होतं. रंग तोच, ब्रश तोच; मग एक पांढरा ठिपका चकाकी होतो आणि दुसरा डाग, असं का?

आधी हे करून बघा. एक चकचकीत मग घ्या, त्याच्यावर स्केचपेनने बारीकसा ठिपका द्या आणि खिडकीसमोर धरा. डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा. पेनचा ठिपका मगाला चिकटून बसतो, खिडकीचा उजेड मात्र पृष्ठभागावरून घरंगळतो. आता डोकं स्थिर ठेवून एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. तेच होईल. उजेडाचा तो तुकडा मगावर नसतोच मुळी. ते खिडकीचं प्रतिबिंब आहे, आणि बाहेरून फुगीर पृष्ठभागावर ते पृष्ठभागाच्या थोडं मागे, आतल्या बाजूला असतं. अँड्र्यू ब्लेक आणि हाइनरिख ब्युल्थॉफ या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं की आपल्या नजरेला हे बरोबर ठाऊक असतं. दोन्ही डोळ्यांनी पाहताना फुगीर भागावरचा हायलाइट, म्हणजे हा उजेडाचा तुकडा, पृष्ठभागाच्या मागे आणि खोलगट भागावरचा पुढे असला, तरच तो चकाकी म्हणून पटतो.

कागदावर यातलं काहीच होत नाही. चित्रातला हायलाइट हलत नाही की मागे जात नाही. म्हणजे नजरेला पटवण्यासाठी दुसरा पुरावा द्यावा लागतो, आणि तो असतो शेडिंगमध्ये. १९८१ साली जेकब बेक आणि स्लाव्हा प्राझ्डनी यांनी फुलदाणीच्या मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या दिसणाऱ्या चित्रावर हायलाइट चढवून तिला चकचकीत करून दाखवलं. पुढच्या प्रयोगांत हेही दिसलं, की तेच हायलाइट जागेवरून हलवले किंवा तिरपे फिरवले तर चकाकी जाते आणि मागे नुसते रंगाचे डाग उरतात. माझे अकरा ठिपके त्याच जातीचे होते. त्यातले चार तर सावलीच्या बाजूला होते.

तेव्हा ठिपका देण्याआधी शेडिंग पुरं करा आणि उजेड कुठून येतोय ते बोटाने दाखवता येईल इतकं पक्कं ठरवा. गोलाकार वस्तूवर सगळ्यात उजळ भाग उजेडाकडे तोंड करून असतो. हायलाइट त्याच्या बरोब्बर मध्यावर येत नाही. तो तिथून थोडा बघणाऱ्याच्या बाजूला सरकलेला असतो, कारण तो उजेड आणि डोळा या दोघांच्या अध्येमध्ये तोंड करून असलेल्या जागी पडतो. हे सरकणं बोटभरही नसेल, पण ते चुकलं की वस्तू लगेच खोटी वाटते.

मग आकार. पृष्ठभाग ज्या दिशेने जोरात वळतो त्या दिशेने हायलाइट दबतो, ज्या दिशेने सपाट जातो त्या दिशेने ताणला जातो. म्हणून बाटलीवर उभी लांब पट्टी, गोळ्यावर आटोपशीर ठिपका, किटलीच्या कानावर केसासारखी रेघ. आणि शक्य असेल तिथे तो नुसता ठिपका ठेवूच नका, खिडकी काढा. चौकट, मधली दांडी, सगळं पृष्ठभागासोबत वाकवून. एकाच बिंदूसारख्या दिव्यापेक्षा खऱ्याखुऱ्या परिसराचा उजेड असला की आपल्याला चकाकीचा अंदाज जास्त चांगला येतो. रोलंड फ्लेमिंग, रॉन ड्रोर आणि एडवर्ड एडेलसन यांनी २००३ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं.

चकाकी किती, हे कशाने ठरतं? बहुतेक जण पांढरा आणखी पांढरा करत बसतात. त्यापेक्षा एक जुनी काळी किंवा गडद प्लॅस्टिकची डबी घ्या आणि झाकणाच्या अर्ध्या भागावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. प्लॅस्टिक तेच आहे. घासलेल्या बाजूला हायलाइट पसरतो, त्याच्या कडा विरतात, मधला झगझगीतपणा जातो. पण त्याहून महत्त्वाचं घडतं ते हायलाइटच्या बाहेर: घासलेला भाग सगळाच्या सगळा फिका, पिठूळ दिसतो. एका जागी गोळा झालेला उजेड आता सगळीकडे सांडलेला असतो ना. याचा चित्रासाठी अर्थ असा, की वस्तू चकचकीत करायची असेल तर पांढऱ्याकडे हात नेण्याआधी मूळ रंग गडद आणि गहिरा करा. मगच हायलाइट द्या, आणि कडा धारदार ठेवा. मॅटच्या जवळ जायचं असेल तर उलट. हे कळायला मला किटलीनंतर दोन वर्षं लागली, आणि निम्मा पांढरा रंग त्यातच संपला.

(रंगाच्या कारखान्यांत चकाकी मोजायचं यंत्र असतं. ते ठरावीक कोनातून उजेड टाकतं, बहुतेकदा ६० अंशांतून, आणि पॉलिश केलेल्या काळ्या काचेला १०० धरून आकडा देतं. आकडा एकच असून दोन पृष्ठभाग डोळ्याला वेगळे दिसू शकतात. संशोधक रिचर्ड हंटर यांनी १९३७ मध्येच चकाकीचे सहा प्रकार मांडले होते, ते काही उगाच नाही.)

धातूबद्दल थोडक्यात. प्लॅस्टिक, चिनी माती, वार्निश यांच्यावरचा हायलाइट उजेडाच्या रंगाचा असतो, वस्तूच्या नव्हे. तांबं आणि सोनं मात्र प्रतिबिंबालाही आपला रंग देतात. तांब्याच्या भांड्यावर शुभ्र पांढरा दिलात तर ते तपकिरी प्लॅस्टिकचं दिसेल. ओल्या वस्तूचंही झटपट सांगते: रंग गडद आणि तीव्र करा, वर बारीक धारदार हायलाइट द्या, दगड ओला झाला.

आता काच. काच काढायला बसलं की हात आपोआप फिकट निळ्याकडे जातो. तो आवरा. पारदर्शकता रंगात नसते, कडा एकमेकींना छेदतात तिथे असते. कैची आणि चार करड्या छटांचे कागद घ्या. एक फिका आणि एक गडद कागद शेजारी-शेजारी चिकटवा, म्हणजे मधोमध उभी रेघ तयार होईल. आता उरलेल्या दोन मधल्या छटांचे दोन छोटे तुकडे कापा आणि त्या रेघेवरच एकमेकांना जोडून ठेवा: मधल्यांतला फिका फिक्या बाजूला, गडद गडद बाजूला. चारही कागद ठार अपारदर्शक, तरी वर एक धूसर काच ठेवल्यासारखी दिसते. आता दोन तुकड्यांची अदलाबदल करा. काच गायब, चार चिंध्या उरल्या. परत नीट लावा आणि जोडी थोडी बाजूला सरकवा, म्हणजे आतली रेघ बाहेरच्या रेघेला मिळणार नाही. परत गायब.

इटलीतले मानसशास्त्रज्ञ फाबिओ मेटेल्ली यांनी हाच हिशोब १९७४ मध्ये मांडला होता. मी तो ब्रश धरताना असा लक्षात ठेवते: काचेमागे जे फिकं आहे ते काचेतूनही शेजारच्यापेक्षा फिकंच दिसलं पाहिजे, दोघांतला फरक मात्र बाहेरच्यापेक्षा कमी झाला पाहिजे, आणि मागची रेघ तुटता कामा नये. फरक जितका कमी कराल तितकी काच धुरकट.

जाड काचेच्या पेल्यात मात्र मागची रेघ वाकते. ती वाकवा, पण तोडू नका. म्हणून मागची पार्श्वभूमी आधी काढा, पेला नंतर. पेल्यात पाणी असेल तर तो भिंगासारखं काम करतो. मागे थोड्या अंतरावर आडव्या बाणाचं चित्र धरा, बाण उलट्या दिशेला तोंड करेल. कडांचं म्हणाल तर फोटोग्राफरांकडून शिकावं. मागे उजळ पडदा असला की काचेच्या कडा काळ्या येतात, मागे अंधार ठेवून बाजूने उजेड दिला की त्याच कडा पांढऱ्या चमकतात. चित्रात दोन्हींपैकी एक निवडा. मी दोन्ही एकाच पेल्यात घातल्या होत्या. तो पेला वायरचा सांगाडा वाटत होता.

सपाट काचेवर प्रतिबिंब किती द्यायचं? समोरून पाहिलं तर प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्केच उजेड परत पाठवतो. नजर तिरपी होत गेली की हे प्रमाण वाढत जातं आणि अगदी आडव्या नजरेला काच आरशासारखी होते. म्हणून टेबलावरच्या काचेचा जवळचा भाग आरपार दाखवा आणि लांबच्या भागात प्रतिबिंब वाढवत न्या. साधा कागदसुद्धा डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून खिडकीकडे पाहिलात तर चमकतो.

दुधी काच ही मला सगळ्यात आवडणारी वस्तू. तिच्या खरखरीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी नीट दाबून लावा, पट्टीपुरतं पलीकडचं दिसू लागेल. काचेचा आतला भाग स्वच्छच होता, गोंधळ फक्त खडबडीत पृष्ठभागाचा होता, आणि गोंदाने तो बुजवला. काचेचा चुराही याच कारणाने पांढरा दिसतो. असंख्य कडांवर उजेड इतक्या वेळा फुटतो की आरपार काहीच जात नाही.

मेणासारख्या वस्तूत उजेड आत शिरतो, पसरतो आणि भलतीकडून बाहेर येतो. म्हणून मेणबत्ती काढताना माझा पहिला नियम असा की सावलीत काळा वापरायचा नाही. सावलीची बाजू उबदार आणि उजळच ठेवा, पातळ कडा मधल्या भागापेक्षा उजळ करा, बारीक खाचा पुसट होऊ द्या. उजेड समोरून न घेता मागून घ्या, मेण मेणासारखं दिसायला त्याने फार मदत होते. हे सगळं केल्यावर वर एखादा धारदार हायलाइट द्या. तो आतल्या मऊ उजेडापासून वेगळा, वरच्या कातडीवर बसतो आणि खालची खोली वाढवतो.

ती निळी किटली मी पुन्हा काढली. निळा आणखी दोन हातांनी गडद केला, पोटावर वाकलेली खिडकी एक, कानावर रेघ एक, खाली टेबलाच्या उजेडाची अंधुक पट्टी एक. अकराच्या जागी तीन. या वेळी ती हातात घेऊन, ज्यांचं काम होतं त्यांनी एवढंच विचारलं की झाकणाची मूठ जरा छोटी नाही का झाली. झाली होती.