तळघरातील होम थिएटर: फोर-के लावताच पडदा काळा पडणे

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या तळघरात २०१० साली बसवलेल्या होम थिएटरमध्ये नवा रिसीव्हर (प्लेअरचे चित्र-आवाज घेऊन पुढे प्रोजेक्टर व स्पीकरकडे पाठवणारे यंत्र) आणि फोर-के प्रोजेक्टर जोडल्यावर १०८०पी, म्हणजे फुल एचडी चित्र स्वच्छ दिसे, मात्र ६० हर्ट्‌झचे फोर-के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचे, सेकंदाला ६० फ्रेमचे चित्र) लावताच पडदा दर काही सेकंदांनी काळा पडे. रिसीव्हर रीसेट करण्यात आणि प्लेअर बदलण्यात तीन शनिवार वाया गेले.

अखेर प्रोजेक्टर छतावरून उतरवून रिसीव्हरशेजारी ठेवला, इनपुटचे सिग्नल फॉरमॅट ‘एन्हान्स्ड’वरच (जास्त डेटाचा सिग्नल घेऊ देणारी सेटिंग) राहू दिले आणि सहा फुटी केबलने जोडणी केली. चित्र स्थिर राहिले; म्हणजे दोष छतातील चाळीस फुटी तांब्याच्या केबलचा होता. एचडीएमआय (चित्र-आवाज नेणाऱ्या केबलचे मानक) १.४च्या काळातील ती केबल सेकंदाला १०.२ गिगाबिटसाठी घेतलेली, तर या सिग्नलला १८ पर्यंत लागतात.

मग ऑप्टिकल, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी एचडीएमआय केबल आणून ती आधी जमिनीवर पसरून अर्धा तास चालवून पाहिली. ही केबल एकाच दिशेने चालते, त्यामुळे ‘सोर्स’ लिहिलेले टोक रिसीव्हरकडे ठेवून ‘डिस्प्ले’चे टोक जुन्या केबलला चिकटपट्टीने घट्ट बांधले आणि प्रोजेक्टरच्या बाजूने जुनी केबल हळूहळू ओढत नवी छतातील पाइपातून आत घेतली. वळणावर ती दुमडू दिली नाही, कारण आतली काच तुटते. त्यानंतर पडदा एकदाही काळा पडलेला नाही.