घातक रसायनांच्या प्रशिक्षणाला निघण्याआधी

पहिलं काम दाढीचं. मास्कच्या फिट टेस्टला, म्हणजे तो चेहऱ्याला घट्ट बसतो का या तपासणीला, त्याच सकाळी गुळगुळीत दाढी करून जा. मास्कची कड टेकते तिथे कालचे खुंट असले तरी हवा आत शिरते, मग टेस्ट होतच नाही. चष्मा असेल तर आधीच कळवून ठेवा: पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमध्ये काड्या कडेखालून जातात आणि तिथेच फट राहते. आत बसवायची वेगळी फ्रेम मिळते, पण तुमच्या नंबरची करून घ्यायला वेळ लागतो. दमा, रक्तदाब, बंद जागेची भीती यांतलं काही असेल तर वैद्यकीय तपासणीत सांगून टाका.

वाचायचं काय, तर सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रसायनाचे धोके आणि काळजी सांगणारं माहितीपत्रक. तिचे १६ भाग पाठ करत बसू नका. प्रथमोपचाराचा ४, संरक्षक साधनांचा ८ आणि कशाशी संयोग झाला तर भडका उडेल हे सांगणारा १०, एवढे झटकन सापडले पाहिजेत. भाग ८ मध्ये नुसतं ‘योग्य हातमोजे वापरा’ एवढंच असेल तर ते काही सांगितल्यात जमा नाही; हातमोज्यांच्या उत्पादकाचा तक्ता काढून त्या रसायनापुढे ते किती मिनिटं टिकतात ते बघा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे काही थेंब सांडले. ते लेटेक्समधून आरपार गेले, आणि १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला.

वायुमापकाचा एक क्रम मात्र पाठच हवा: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, शेवटी विषारी. ऑक्सिजन कमी असला की ज्वलनशील वायूचे बरेच सेन्सर कमी आकडा दाखवतात. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला तर फिल्टरचा मास्क कुचकामी, कारण फिल्टर ऑक्सिजन तयार करत नाही. नाकावरही विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वाढला की वास येणंच बंद होतं.

अंगभर संरक्षक सूट चढवणं सगळ्यांना जमतं, घोळ होतो तो काढताना. एकावर एक दोन हातमोजे घाला, वरच्याला शेव्हिंग फोम फासा आणि आतल्याला ठिपकाही न लागता वरचे उतरवून बघा. पहिला बाहेरून चिमटीत धरून उलटा करत काढायचा, दुसऱ्याच्या कडेखाली स्वच्छ बोट घालायचं. बहुतेकांच्या मनगटाला फोम लागतोच. जमेपर्यंत करा.

सूटमध्ये माणूस घामाने निथळतो, म्हणून सुती कपड्यांचा जादा जोड आणि भरपूर पाणी. अंगठी, घड्याळ घरीच ठेवा.