कॅनडाच्या पीआरसाठी पीसीसी: आयटीए येण्याआधीच हातात असू द्या

कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी (पीआर) असलेल्या एक्सप्रेस एंट्री योजनेतून अर्जाचं आमंत्रण, म्हणजे आयटीए आलं की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. नोकरीची पत्रं, मेडिकल, बँकेचे कागद यांत ते भराभर निघून जातात आणि शेवटी घोडं अडतं ते पोलिसांच्या प्रमाणपत्रापाशी, म्हणजे पीसीसीपाशी. बाकीचे कागद तुमच्या धावपळीने लवकर मिळू शकतात; हा कागद मात्र दुसऱ्या देशातल्या पोलीस ठाण्याच्या गतीने येतो. म्हणून प्रोफाइल पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत गेल्यावर ड्रॉचे (आमंत्रणांच्या फेऱ्यांचे) आकडे बघत बसण्याच्या काळातच पीसीसीच्या मागे लागा.

आधी कोणाला आणि कुठलं लागतं ते नीट समजून घ्या. अर्जदार, जोडीदार आणि १८ पूर्ण झालेली मुलं, सगळ्यांना ते लागतं. जोडीदार तूर्तास भारतातच राहणार असला तरीही. गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं वेगळं. वयाची १८ वर्षं पूर्ण होण्याआधीचा काळ मोजायचा नाही. कॅनडाचं स्वतःहून जोडायचं नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला हवं असेल तर ते मागतात.

‘सलग’ या शब्दाकडे आयटीवाल्यांनी खास लक्ष द्यावं. पाच महिने ऑनसाइट, म्हणजे परदेशातल्या क्लायंटकडे, मग पुण्यात परत, पुढच्या वर्षी पुन्हा चार महिने, तर बेरीज नऊ झाली तरी सलग सहा होत नाहीत. पण एकच मुक्काम सात महिन्यांचा असेल तर त्या देशाचं प्रमाणपत्र हवंच. आठवणीवर विसंबू नका. पासपोर्टवरचे शिक्के समोर घेऊन बसा. अमेरिकेच्या बाबतीत आय-९४च्या (तिथल्या प्रवेश-नोंदीच्या) संकेतस्थळावर ये-जा केल्याच्या तारखा मिळतात. अर्जातला १० वर्षांचा वैयक्तिक इतिहास आणि ही प्रमाणपत्रं एकमेकांशी जुळली पाहिजेत.

आता तारखेचा नियम. बहुतेकांची चूक इथेच होते. सध्या ज्या देशात राहता, त्याचं प्रमाणपत्र अर्ज सादर करण्याआधीच्या ६ महिन्यांतलं हवं. जो देश सोडून आलात, त्याचं प्रमाणपत्र तिथला शेवटचा वास्तव्यकाळ संपल्यानंतर दिलेलं हवं. म्हणजे विद्यार्थी म्हणून निघताना काढलेलं पीसीसी फाइलमध्ये जपून ठेवलं असेल, तरी पीआरला चालत नाही, कारण ते तुम्ही भारतात असतानाचं आहे. उलट, कॅनडात आल्यानंतर काढलेलं भारताचं पीसीसी, पुन्हा भारतात सहा महिने सलग राहिला नाहीत तर, जुनं झालं म्हणून बाद होत नाही. दिवाळीला तीन आठवडे घरी जाऊन आल्याने काही बिघडत नाही. म्हणूनच कॅनडात असणाऱ्यांना ते आधी काढून ठेवता येतं. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी मात्र सहा महिन्यांचा हिशेब धरून काढावं.

भारतात असाल तर रस्ता पासपोर्ट सेवा पोर्टलचा आहे. फी ५०० रुपये. अपॉइंटमेंट पासपोर्ट सेवा केंद्राची किंवा टपाल कार्यालयातल्या केंद्राची घ्या. स्वतः जावं लागतं, आईवडिलांना पाठवून भागत नाही. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. अर्जात देश निवडताना सावध राहा: भारताचं पीसीसी ठरावीक देशासाठी दिलं जातं आणि त्या देशाचं नाव त्यावर छापलेलं असतं. ऑस्ट्रेलियासाठी काढलेलं पीसीसी कॅनडाला जोडता येत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक घोटाळा होतो. पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हा पोलीस ‘चारित्र्य पडताळणी’चा दाखला देतात. तो नोकरी, सोसायटी, परवाना यांसाठी असतो आणि मिळायला सोपा वाटतो. कॅनडाला तो देऊ नका. तिथे पासपोर्ट कार्यालयाचं किंवा भारतीय वकिलातीचं पीसीसी लागतं.

कॅनडात असाल तर परदेशातल्या वकिलातींसाठी पासपोर्ट सेवेचं वेगळं पोर्टल आहे. भारतातल्या पोर्टलचं लॉगिन तिथे चालत नाही, नवीन खातं उघडा. फॉर्म ऑनलाइन भरून प्रिंट काढायची, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लावायचा आणि पासपोर्ट, वर्क किंवा स्टडी परमिट, इथल्या पत्त्याचा पुरावा यांसह बीएलएसच्या, म्हणजे वकिलातीसाठी अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात द्यायचा. तिथून अर्ज तुमच्या प्रांतानुसार ओटावाच्या उच्चायुक्तालयात किंवा टोरंटो, व्हँकुव्हरच्या वाणिज्य दूतावासात जातो. कागदांची यादी आणि फी बदलत असते. जायच्या आदल्या दिवशी केंद्राच्या पानावर पुन्हा बघा.

अर्ज कॅनडातून केला तरी पोलीस चौकशी भारतातल्या पत्त्यावर होऊ शकते. जुन्या पडताळणीची नोंद स्वच्छ असेल तर कधी कधी नव्याने चौकशी होतच नाही. पण त्या भरवशावर राहू नका. शहरात हे काम विशेष शाखेकडून स्थानिक पोलीस ठाण्याकडे येतं. हवालदार घरी येतात किंवा फोन करून ठाण्यात बोलावतात. पासपोर्टची प्रत, आधार, लाइट बिल बघतात, शेजारच्या एकदोघांना विचारतात. गाडी अडते ती घर बंद असल्यामुळे. फ्लॅट भाड्याने दिलेला असतो, आईबाबा सांगलीहून पुण्याला बहिणीकडे गेलेले असतात, किंवा मुंबईतली जुनी इमारत पुनर्विकासात पाडलेली असते आणि पासपोर्टवरच्या पत्त्यावर उभा असतो फक्त पत्रा. मग शेरा पडतो, ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही’, आणि फाइल तिथेच थांबते. उपाय साधा आहे. घरी एक पाकीट तयार ठेवा: पासपोर्ट आणि परमिटच्या प्रती, दोन फोटो, लाइट बिल, आणि तुमचा कॅनडातला फोन नंबर लिहिलेला कागद. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. पत्ता बदलला असेल तर अर्जातच तसं लिहा आणि नव्या पत्त्याचा पुरावा जोडा. पडताळणीसाठी ठाण्यात वेगळी फी नसते, हे आईबाबांना आवर्जून सांगा; ते संकोचाने पैसे काढून देतात.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नवा पासपोर्ट, मग पीसीसी. प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक असतो. उलट क्रमाने केलंत तर पीसीसीवर जुना क्रमांक आणि अर्जात नवा, असं होतं. तसं झालंच असेल तर जुन्या पासपोर्टची प्रत आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडा.

नावाचा प्रश्न आपल्याकडे जास्त येतो. लग्नानंतर आडनाव तर बदलतंच, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि काही घरांत मुलीचं स्वतःचं नावही बदलतात. पदवी एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. पीसीसी पासपोर्टवरच्या नावानेच काढा, पण कॅनडाच्या अर्जात ‘पूर्वी वापरलेली नावं’ या रकान्यात माहेरचं पूर्ण नाव न विसरता भरा. विवाह नोंदणी दाखला आणि असेल तर राजपत्रातली नोंद बरोबर जोडा.

अमेरिकेत राहिलेल्यांना एफबीआयचं प्रमाणपत्र लागतं, राज्य पोलिसांचं चालत नाही. फी १८ डॉलर. ते लवकर मिळवून देणारे ‘चॅनेलर’ फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी आहेत. एच-१बी या वर्क व्हिसावर राहून आलेल्यांनी थेट एफबीआयकडे अर्ज करायचा. इथे खरी अडचण बोटांच्या ठशांची. कॅनडातून शाईचं कार्ड पाठवावं लागतं, आणि इथल्या कोरड्या थंडीत बोटांच्या रेषा पुसट उठतात. ठसे अस्पष्ट असले की कार्ड नाकारलं जातं आणि पुन्हा टपालाचे दिवस जातात. आधीचे चार-पाच दिवस रात्री हाताला मॉइश्चरायझर लावा, पण ठसे देण्याच्या दिवशी हात कोरडे आणि स्वच्छ हवेत. ठसा नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून घेतलेला असतो, नुसता दाबलेला नाही. दोन-तीन कार्डं करून घ्या आणि सगळी पाठवा.

ब्रिटनसाठी एसीआरओचं, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या गुन्हे-नोंद कार्यालयाचं प्रमाणपत्र हवं. नोकरीच्या वेळी काढलेला डीबीएसचा (पार्श्वभूमी तपासणीचा) कागद नको. एसीआरओच्या प्रमाणपत्रावर ‘नो ट्रेस’ लिहिलेलं असलं की नोंद नाही असा अर्थ. ऑस्ट्रेलियासाठी फेडरल पोलिसांकडून, अर्जातला ३३ क्रमांकाचा हेतू निवडून. आखातातून आलेल्यांनी जुन्या एमिरेट्स आयडीची किंवा इकाम्याची (वास्तव्य परवान्याची) प्रत शोधून ठेवावी, कारण देश सोडल्यावर तुमची ओळख त्या क्रमांकानेच पटते.

नावावर गुन्हा असेल, खटला चालू असेल किंवा निर्दोष सुटला असाल, तरी लपवू नका. पोलिसांना नोंद दिसली की पीसीसी रोखलं जातं. मग एफआयआर, आरोपपत्र, निकालाची प्रमाणित प्रत असा संच लागतो. दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला आपल्याकडे दंड भरून संपतो; कॅनडात १८ डिसेंबर २०१८ पासून तो गंभीर गुन्ह्यात मोडतो आणि त्यावरून प्रवेश नाकारला जाऊ शकतो. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर ५ वर्षं बंदी येते. इथे इमिग्रेशन सल्लागाराला पैसे द्यावेत, आणि तो परवानाधारक असावा.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि देश वाचून घ्या. चूक असेल तर काउंटर सोडण्याआधी सांगा. स्कॅन रंगीत, दोन्ही बाजूंचा. मूळ कागद इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसेल तर भाषांतर हवं. एका फाइलची मर्यादा ४ एमबी आहे. अनेक देशांची प्रमाणपत्रं अपलोड करायला एकच जागा मिळाली तर सगळ्यांची मिळून एक पीडीएफ करा. साठाव्या दिवसापर्यंत एखादं आलंच नाही, तर रकाना रिकामा सोडू नका: अर्ज केल्याची पावती, पाठपुराव्याचे ईमेल आणि तारीखवार स्पष्टीकरण तिथे अपलोड करा. मान्य होईलच असं नाही, पण रिकाम्या रकान्यामुळे अर्ज अपूर्ण म्हणून परत येण्याची शक्यता जास्त.