मित्राचं लग्न तुम्हीच लावताय? मग या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्येही आता मित्राने मित्राचं लग्न लावण्याची पद्धत रुळली आहे. नवरा आपल्यातला, नवरी अमेरिकन, गुरुजींना इंग्रजीत समजावून सांगायचा कंटाळा. मग कोणीतरी म्हणतं, ‘तूच लाव की!’ मीही न्यू जर्सीत एक लावलं. मंगलाष्टकं महिनाभर घोकली आणि विवाहाच्या सरकारी लायसन्सचा कागद (इथे तो लग्नाआधी काढावा लागतो) आदल्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. उलटं करायला हवं होतं.

ऑनलाइन सर्टिफिकेट आलं की झालं, असं समजणं

कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोत १९६२ साली सुरू झालेल्या युनिव्हर्सल लाइफ चर्चसारख्या संस्था ऑनलाइन फुकटात ‘मिनिस्टर’, म्हणजे लग्न लावू शकणारा धर्मगुरू, करतात. गळ्यातलं जानवंही काढावं लागत नाही. पण तो कागद चालतो की नाही, हे ज्या राज्यात लग्न आहे तिथला कायदा ठरवतो. टेनेसीने २०१९ मध्ये ऑनलाइन दीक्षेवर लग्न लावायला मनाई करणारा कायदा केला. व्हर्जिनियात आधी सर्किट कोर्टाची परवानगी लागते. न्यूयॉर्कमधल्या एका अपील न्यायालयाने तर १९८९ मध्ये अशा मिनिस्टरने लावलेलं लग्न रद्दबातल ठरवलं होतं. म्हणून सोपी वाट असेल तर तीच धरा: न्यूयॉर्क राज्यात मार्च २०२३ पासून २५ डॉलरमध्ये एका दिवसापुरतं, त्याच जोडप्यासाठी लग्न लावण्याचं लायसन्स मिळतं. मॅसॅच्युसेट्समध्येही गव्हर्नरच्या कार्यालयाकडून एका दिवसाची परवानगी घेता येते. मला विचाराल तर ‘रेव्हरंड’ म्हणून मिरवण्यापेक्षा हे बरं.

मुहूर्त पंचांगात शोधणं

खरा मुहूर्त टाउन हॉलच्या हातात असतो. न्यू जर्सीत विवाहाच्या लायसन्सचा अर्ज दिल्यापासून ७२ तास थांबावं लागतं. शनिवारी अकराला लग्न असेल तर गुरुवारी धावपळ करून उपयोग नाही, अर्ज बुधवारी अकराच्या आत जायला हवा. न्यूयॉर्कमध्ये २४ तासांची वाट आणि लायसन्सला ६० दिवसांची मुदत. आणि हॉल हडसन नदीच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये असेल तर जर्सीचं लायसन्स कामाचं नाही. घर जर्सीतल्या एडिसनला, हॉल न्यूयॉर्कच्या क्वीन्सला, असा प्रकार आपल्याकडे नेहमीचाच.

वधूवरांना बोलतंच न करणं

ही चूक खास आपली. मराठी लग्नात अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि नवरानवरी तोंडातून अक्षरही काढत नाहीत. न्यूयॉर्कच्या कायद्याला मात्र लग्न लावणाऱ्यासमोर आणि साक्षीदारासमोर दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचं जाहीर करणं हवं असतं. मी सप्तपदीनंतर दोघांना मराठीत आणि इंग्रजीत एकेक वाक्य म्हणायला लावलं. नवरदेव अडखळला, मागून आत्याबाई ‘अरे, हो म्हण!’ असं ओरडल्या आणि मांडव हसला.

आधीच झालेलं लग्न पुन्हा लावणं

व्हिसाच्या घाईत अनेकांनी सहा महिन्यांपूर्वीच सिटी हॉलमध्ये सह्या केलेल्या असतात आणि हे आईवडिलांनाही ठाऊक नसतं. पहिल्याच बैठकीत आडून न विचारता सरळ विचारा. तसं असेल तर नवीन लायसन्सची भानगड नाही, तुम्ही फक्त विधी करायचा.

लग्न गोव्यात किंवा अलिबागला असेल तर अमेरिकेतलं सर्टिफिकेट घरीच ठेवा. मित्राला ‘मिनिस्टर’ मानणारी सोय आपल्या विवाह कायद्यांत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करायचं तर विवाह अधिकारी, ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात.

कागद खिशात राहणं

जेवणं उरकायच्या आत लायसन्सवर सह्या घ्या. न्यू जर्सीत साक्षीदार दोन लागतात, आणि लग्नाच्या पंगतीत पेन कुणाकडेच नसतं. खाडाखोड झालीच तर व्हाइटनर लावू नका, लायसन्स देणाऱ्या क्लार्कच्या ऑफिसला फोन करा. कागद पाच दिवसांत पोचवायचा असतो: न्यूयॉर्कमध्ये ज्या क्लार्कने लायसन्स दिलं त्याच्याकडे, न्यू जर्सीत मात्र जिथे लग्न लागलं त्या गावच्या रजिस्ट्रारकडे. ही जबाबदारी नवरानवरीची नाही, तुमची. माझा लिफाफा शेरवानीच्या खिशात होता आणि शेरवानी ड्रायक्लीनरकडे गेली होती. चौथ्या दिवशी आठवलं. तेव्हापासून सांगतो, पाकिटात घालण्याआधी कागदाचा फोटो काढून ठेवा.