लिनक्स अडलं की आधी त्याला विचारा

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. माझ्या दोन आणि वाचनालयातल्या पाच संगणकांवर लिनक्स जेव्हा जेव्हा अडलं, तेव्हा काय दिसलं, काय केलं आणि कशाने सुटलं, ते मी तारीख घालून त्यात लिहिते. गेल्या बारा वर्षांची ही वही चाळली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या दिवशी आधी लॉग, म्हणजे संगणक स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदी, वाचला त्या दिवशीची नोंद पाच-सहा ओळींची आहे. ज्या दिवशी कुठेतरी सापडलेली कमांड न वाचता चिकटवली, त्या दिवसाने तीन-तीन पानं खाल्ली आहेत.

पुढचं सगळं उबुंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर करून पाहिलेलं आहे. फेडोरावर पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बसवणाऱ्या एपीटीच्या जागी डीएनएफ येतं, बाकी बरंचसं तसंच. कमांड मी तोंडाने सांगते तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक इंग्रजी, आणि वेगळं सांगितलं नसेल तर अक्षरं लहान.

पहिला प्रश्न लॉगला

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि "जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर" द्या. संगणक सुरू झाल्यापासूनच्या चुका तेवढ्या दिसतील. यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झालं असेल तर "-बी" नंतर जागा सोडून "-१" लिहा, म्हणजे आधीच्या वेळचा लॉग उघडेल. बंद पडण्याचं कारण असलंच तर त्याच्या शेवटच्या काही ओळींत असतं.

नवख्या माणसाची इथे एक फसगत होते. धडधाकट संगणकातही लाल ओळी असतात. बायॉस आणि एसीपीआय, म्हणजे यंत्रातल्याच मूळ सॉफ्टवेअरबद्दलच्या तक्रारी तर जवळपास प्रत्येक लॅपटॉपवर दिसतात. म्हणून सगळं नीट चालू असताना एकदा ही यादी फाइलीत साठवून ठेवा. बिघाड झाला की नवी यादी तिच्याशेजारी ठेवायची आणि जी ओळ आधी नव्हती तिच्यामागे लागायचं. माझा निम्मा वेळ या एका सवयीने वाचला आहे.

दुसरी युक्ती: "जर्नलसीटीएल -एफ" चालू ठेवा आणि जे अडतंय ते मुद्दाम करून बघा. पेनड्राइव्ह लावा, छपाईचा आदेश द्या, ब्लूटूथ जोडा. ओळी डोळ्यांसमोर येत जातात. पेनड्राइव्ह लावल्यावर एकही ओळ आली नाही, तर आधी दुसरा पोर्ट आणि दुसरी केबल बघा, सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका.

तुमची प्रणाली मराठीत असेल, तर कमांडच्या आधी "एलसी_ऑल=सी" लावा, सगळी अक्षरं कॅपिटल. तेवढ्यापुरता संदेश इंग्रजीत येतो आणि शोधायला सोपा जातो.

पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनच

पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिनचीच खिडकी समोर. वाचनालयातल्या एका मिंटवर हे झालं तेव्हा मी घाबरून प्रणाली पुन्हा बसवायला घेतली होती. तशी काहीच गरज नव्हती. वहीत हा प्रकार सात वेळा आहे, आणि त्यातल्या पाच वेळा डिस्क भरली होती.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. साधा मजकुराचा पडदा येतो. तिथे नाव आणि पासवर्ड द्या. इथून आत जाता येतं, कारण या लॉगिनला डिस्कवर काही लिहावं लागत नाही. चित्रमय सत्राला मात्र सुरू होताना छोट्या-छोट्या फाइली लिहाव्या लागतात, आणि जागा नसली की ते गुपचूप मागे फिरतं. पासवर्डचा त्यात काहीच दोष नसतो.

आता "डीएफ -एच". मुळाच्या विभागासमोर, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेसमोर, १०० टक्के दिसलं की कारण सापडलं. आकड्यांची बेरीज जुळत नाही असं वाटेल. ईएक्सटी४ ही फाइल प्रणाली डिस्कचा ५ टक्के भाग "रूट"साठी, म्हणजे प्रशासकासाठी, राखून ठेवते, त्यामुळे ती तुमच्यासाठी भरलेली असली तरी प्रशासकासाठी थोडी उरलेली असते. जागा दिसते आणि तरीही लिहिता येत नाही, असं असेल तर "डीएफ -आय" बघा. लाखो बारीक फाइली झाल्या की आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपतात आणि गीगाबाइट शिल्लक असून उपयोग नसतो.

जागा मोकळी करायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी "सुडो एपीटी क्लीन" (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने), याने उतरवलेल्या पॅकेजांचा साठा जातो. मग "सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम", शेवटचा एम कॅपिटल. एवढ्याने लॉगिन होण्यापुरती जागा बहुधा निघते. मग "सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह", ज्याने जुने कर्नल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या, जातात. होकार देण्याआधी यादी वाचा. त्यानंतरच खरा खाणारा शोधायचा. त्यासाठी एनसीडीयू सर्वांत सोयीचं, पण डिस्क भरल्यावर ते बसवता येत नाही. आजच बसवून ठेवा.

वाचनालयातला खाणारा वेगळाच निघाला. घरच्या फोल्डरमधली, बिंदूने सुरू होणारी एक्ससेशन-एरर्स ही फाइल ३८ गीगाबाइटची झाली होती. एक प्रोग्राम दर सेकंदाला तीच तक्रार तिच्यात लिहीत होता. मी ती पुसली, पण डीएफचा आकडा हलला नाही. कारण तो प्रोग्राम अजून चालू होता, आणि कोणी उघडून धरलेली फाइल पुसली तरी तिची जागा सुटत नाही. अशा वेळी एकतर प्रोग्राम बंद करा, नाहीतर पुसण्याऐवजी "ट्रंकेट -एस ०" आणि पुढे फाइलीचं नाव देऊन ती रिकामी करा.

उरलेल्या दोन वेळा डिस्कमध्ये भरपूर जागा होती. घरच्या फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी नावाची फाइल, तीही बिंदूवाली, पहिलं एक्स कॅपिटल, "रूट"च्या मालकीची झाली होती. खिडकीवाला प्रोग्राम सुडो लावून चालवला की हे घडू शकतं. "एलएस -एलए" दिल्यावर मालकाचं नाव दिसतं. ती फाइल सुडोने पुसा. पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

कुलूप तोडू नका

नवं पॅकेज बसवायला जावं आणि डीपीकेजीचं (एपीटीच्या हाताखालच्या प्रोग्रामचं) कुलूप मिळत नाही असा संदेश यावा, हे सगळ्यांना भेटतं. यावर "कुलपाची फाइल पुसून टाका" असा सल्ला जागोजागी मिळतो. मी तो एकदा ऐकला. मागे स्वयंचलित सुधारणा चालू होती, दोन कामं एकाच यादीवर एकदम लिहू लागली आणि चाळीसच्या आसपास पॅकेजं अर्धवट राहिली. वहीतली ती तीन पानं मी अजून नव्या माणसाला दाखवते.

हल्लीच्या एपीटीच्या संदेशात कुलूप धरून बसलेल्या प्रक्रियेचा क्रमांकही असतो. "पीएस -एफपी" लिहून पुढे तो क्रमांक द्या. नावात "अनअटेंडेड" दिसलं तर ती सुरक्षेची सुधारणा आहे. दहा-पंधरा मिनिटं थांबा, आपोआप सुटेल.

वीज जाऊन किंवा मध्येच बंद केल्याने पॅकेजं अर्धवट राहिली असतील, तर याच क्रमाने: "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए", मग "सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल". दुसऱ्या कमांडनंतर काढून टाकायच्या पॅकेजांची यादी येते. ती शब्द न् शब्द वाचा. तिच्यात सिनॅमन, ग्नोम (ही खिडक्या-चित्रं दाखवणारी सॉफ्टवेअरं) किंवा नावात "डेस्कटॉप" असलेलं काही दिसलं, तर एन दाबून बाहेर पडा. तिथे घाईने होकार दिला तर पुढच्या वेळी नुसता काळा पडदा उरतो.

नेट नाही म्हणजे नेमकं काय नाही?

"आयपी आर" द्या. "डीफॉल्ट व्हाया"च्या पुढे राउटरचा पत्ता दिसतो. आधी त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का बघा, मग इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राउटरच उत्तर देत नसेल तर अडचण तुमच्या आणि राउटरच्या मध्ये. राउटर बोलतो पण १.१.१.१ बोलत नाही, तर पुढच्या जोडणीत. आकडा बोलतो आणि नाव बोलत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सेवा. जोडणीच्या सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस पत्ता घाला.

वायफायची यादीच रिकामी असेल तर "आरएफकिल लिस्ट". "सॉफ्ट ब्लॉक्ड"पुढे येस असेल तर "आरएफकिल अनब्लॉक वायफाय". "हार्ड ब्लॉक्ड"ला कमांड चालत नाही. लॅपटॉपवरची विमानाची कळ किंवा बाजूचं बटण शोधा. दोन्ही ठीक असतील तर "एलएसपीसीआय -के" पाहा. नेटवर्क कार्डाच्या खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळच नसेल तर ड्रायव्हर हवा. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना तो वेगळा बसवावा लागतो. नेट नसताना तो उतरवायचा कसा? फोन यूएसबीने जोडा आणि टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा ही जोडणी वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालते.

वायफाय लागतं पण थोड्या-थोड्या वेळाने तुटतं, अशी तक्रार असेल तर वीजबचतीवर संशय घ्या. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये "वायफाय.पॉवरसेव्ह"ची किंमत ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. २ करा, सेवा पुन्हा सुरू करा आणि एक दिवस वापरून बघा.

आवाज

याला फार वेळ लागत नाही. मॉनिटर एचडीएमआयने जोडला की आवाज मुकाट त्याच्याकडे वळतो. सेटिंगमध्ये आउटपुट बदला. तिथे आउटपुट ठीक असेल तर "अल्सामिक्सर" उघडा, एफ६ने कार्ड निवडा. पट्टीखाली एमएम दिसलं तर ती मुकी आहे, एम दाबा. तरीही नाही, तर "सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर वायरप्लंबर". या कमांडला सुडो लावायचं नाही, कारण ही सेवा तुमच्या सत्राची असते.

सुरूच होत नाही

सुधारणा केली आणि पडदा काळा. सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या बायॉसवर शिफ्ट धरून ठेवा), ग्रबची, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, यादी येईल. "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स"मध्ये आधीचा कर्नल निवडा. त्याने चाललं तर दोष नव्या कर्नलशी न जुळणाऱ्या ड्रायव्हरचा, बहुधा ग्राफिक्सचा. जुना कर्नलही चालत नसेल तर पहिल्या ओळीवर ई दाबा, "लिनक्स"ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी "नोमोडसेट" लिहा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड येईल, पण आत जाऊन ड्रायव्हर नीट बसवता येईल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून निर्धास्त करून बघा.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवल्यावर पुढच्या सुरुवातीला निळा पडदा आला, तर तो बिघाड नाही. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्याने नवी किल्ली मान्य करता का, असं तो विचारतोय. "एनरोल एमओके" निवडा आणि ड्रायव्हर बसवताना ठरवलेला पासवर्ड द्या. घाईत पुढे गेलात तर ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही.

बाहेरची डिस्क काढून ठेवली आणि संगणक दीड मिनिट अडून "इमर्जन्सी मोड"मध्ये गेला, असंही माझ्याकडे झालंय. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलीत त्या डिस्कची ओळ होती आणि सेवा सुरू करणारं सिस्टमडी ठरल्याप्रमाणे ९० सेकंद तिची वाट बघत होतं. ओळीतल्या पर्यायांत "नोफेल" घातलं की डिस्क नसली तरी गाडी पुढे जाते.

शेजारी विंडोज असेल तर

विंडोजच्या विभागात फाइल वाचता येते पण लिहिता येत नाही, याचं कारण बहुधा विंडोजचं "फास्ट स्टार्टअप". त्यात विंडोज पुरतं बंद न होता अर्धवट झोपतं, आणि लिनक्स त्या विभागाला हात लावायचं टाळतं. ते बरोबरच करतं. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. लिनक्सकडून जबरदस्ती करू नका. घड्याळ दर वेळी ठरावीक तासांनी चुकत असेल, तर विंडोज यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक. "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" दिल्यावर दोघांचं जुळतं.

सगळं गोठलं तर

बटण दाबून धरण्याआधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ बघा. पडदा आला तर "टॉप" चालवून मेमरी कोण खातंय ते पाहा आणि तेवढ्यालाच बंद करा. काहीच हललं नाही तर ऑल्ट आणि सिसआरक्यू (प्रिंट स्क्रीनची कळ) धरून एस, यू, बी या कळा दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबा. एसने राहिलेलं डिस्कवर लिहिलं जातं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, बीने यंत्र पुन्हा सुरू होतं. उबुंटूमध्ये मुळात याच तीन क्रियांना परवानगी असते.

गोठणं वारंवार होत असेल आणि लॉगमध्ये "आय/ओ एरर" दिसत असेल, तर तिथेच थांबा. "सुडो स्मार्टसीटीएल -ए" आणि पुढे डिस्कचं नाव द्या. हार्ड डिस्कच्या "रीअलोकेटेड सेक्टर"समोरचा शेवटचा आकडा दर आठवड्याला वाढत असेल, तर डिस्क मरतेय. अशा डिस्कवर एफएससीके (फाइल प्रणाली तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका, त्याने तिच्यावर आणखी भार पडतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून न बसवता लिनक्स चालतं) सुरू करा, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी काढा: फोटो, लेखन, हिशेब. प्रणाली नंतर अर्ध्या तासात पुन्हा बसते.