ऑफ म्हणजे फक्त बंद नाही हो

जॉबला लागून महिनाच झालेला, रात्रीची शिफ्ट, परदेशातल्या क्लायंटचा फोन आला की 'द अलार्म वेंट ऑफ ॲट थ्री'. मी खूश, अलार्म बंद झाला ना, मग काय, तक्रारीचं तिकीट क्लोज करून चहा प्यायला गेलो. अलार्म वाजला होता! सकाळी टीम लीडने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर ज्यांना हा ऑफ छळतो त्यांच्यासाठी सांगतो. शाळेतल्या ऑन-ऑफमुळे डोक्यात बटण बसलेलं असतं, ते आधी काढा आणि तिथे 'सुटणं' ठेवा. गन वेंट ऑफ, गोळी सुटली. बटन केम ऑफ, शर्टाचं बटण सुटलं. ही गॉट ऑफ, कोर्टातून सुटला. डे ऑफ म्हणजे सुट्टी आणि ट्वेंटी पर्सेंट ऑफ म्हणजे सूट, बघा, आपले शब्दसुद्धा सुटण्यातलेच निघाले.

पण मग 'लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे लाइट गेले, ते कसं? इथे एक बघायचं, ती वस्तू आधी काय करत होती. जी चालूच होती, दिवा, पंखा, ती बंद पडते, आणि जी दबा धरून बसलेली असते, गजर, फटाका, बॉम्ब, ती सुटते. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

जागेच्या बाबतीत ऑफ म्हणजे सुटून पण जवळच. पुण्यात पत्ता 'ऑफ कर्वे रोड' असला तर रोडवर चकरा मारू नका, आतल्या गल्लीत शिरा. हवामान खातं मच्छीमारांना इशारा देताना 'अलाँग अँड ऑफ कोस्ट' म्हणतं, म्हणजे किनाऱ्याला लागून आणि पुढे समुद्रातसुद्धा.

काही मात्र पाठच करायचे. ब्रिटिश माणूस मिल्क इज ऑफ म्हणाला तर दूध नासलंय, वेडिंग इज ऑफ म्हणाला तर लग्न मोडलंय. क्रिकेटमधली ऑफ साइड तर वेगळीच, इंग्रज घोड्याच्या उजव्या बाजूला ऑफ साइड म्हणायचे आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचीही बोलरकडे बघताना उजवीकडचीच.

आणि मेलमध्ये 'वन ऑफ द'ला दोन एफ लावणारे, तुम्हालाही माफ आहे, जुन्या इंग्रजीत एक एफवाला आणि दोन एफवाला, दोन्ही एकच शब्द होता, 17व्या शतकापर्यंत स्पेलिंगची सरमिसळ चालायची. आता चालत नाही. एक एफ असेल तर ऑव्ह म्हणा, दोन असतील तर ऑफ.